तेरड्याच्या वाफ्यातली खारट रोपं

फार मागच्या काळची गोष्ट आहे. तेव्हा घाटातून रस्ते नव्हते, नुसत्या पायवाटा होत्या. त्या पायवाटांनी वंजाऱ्यांचे तांडे समुद्राकाठचं मीठ बैलांच्या पाठीवर लादून वर देशावर आणत. घाट चढून आलं की पहिलं जे गाव लागे, तिथे एका देवीचं देऊळ होतं, आणि देवळाच्या मागच्या अंगाला भिवरा नावाच्या माळणीची फुलबाग होती.

भिवराचा नवरा लवकर गेला होता. देवीला रोज फुलं पुरवायचा मान त्या घराकडे होता. तो तिने एकटीने सांभाळला. पहाटे तिची परडी देवळाच्या पायरीवर आली नाही असा दिवस गावाने कधी पाहिला नव्हता. आणखी एक गोष्ट तिच्यापाशी होती. जमिनीतून नुकतं डोकं वर काढलेलं रोप, त्याला अजून दोनच पानं फुटलेली असली, तरी ते कशाचं आहे हे ती वाकून पाही आणि सांगे. कुणाच्या परसात काही उगवलं की लोक ते मातीसकट द्रोणात घालून तिच्याकडे आणत. ती म्हणे, हे भोपळ्याचं, हे धोतऱ्याचं, हे काढून टाक, हे राहू दे. तिचं कधी चुकलं नाही. कधी चुकत नाही हे तिलाही ठाऊक होतं, आणि त्याचा तिला थोडा ताठाही होता.

तिला एकच मुलगी, गोजरा. भिवराने तिला घाटाखाली दिली होती. नदीकाठची गाळाची जमीन, दोन पिकं भात, दारात गुरं, असं ते घर होतं. लग्नात तिच्या ओटीत नारळ-तांदळाबरोबर भिवराने देवीच्या बागेतल्या तेरड्याचं बी बांधून दिलं. म्हणाली, तिथे दारापुढे लाव आणि दर चैत्रात तांडा वर येतो त्याच्याबरोबर मला मूठभर बी धाड. बी आलं की मी समजेन, तुझं बरं चाललंय.

बी येत राहिलं. पण मध्ये एकदा गोजरा स्वतःच आली होती.

ते असं झालं. लग्नाला थोडी वर्षं लोटली होती. उत्सवाचे दिवस होते, भिवराच्या अंगणात गावातल्या बायका हार ओवत बसल्या होत्या, आणि गोजरा एकटी, काखेत गाठोडं घेऊन दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले होते. भिवराने तिला आत घेतलं नाही. दाराशीच, बायकांकडे पाठ करून, हळू आवाजात विचारलं. गोजराने सांगितलं की मूल होत नाही म्हणून सासरचे दुसरी करायच्या गोष्टी बोलतात, आणि तिला चुलीपाशी येऊ देत नाहीत.

भिवराने मागे वळून पाहिलं. हार ओवणारे हात थांबले होते.

"सोसायचं असतं," ती म्हणाली. "देवीची फुलं ज्या घरातून जातात त्या घरची मुलगी नांदत नाही, असं मला गावाच्या तोंडून ऐकायचं नाही. येशील तेव्हा हसत ये."

त्याच दुपारी घाट उतरणाऱ्या काही माणसांबरोबर तिने मुलीला परत धाडलं. बायकांना सांगितलं, पोर सहज भेटायला आली होती. गोजराने गाठोडं पुन्हा काखेत घेतलं. त्यानंतर ती आली नाही, आणि तिची तक्रारही आली नाही. दर चैत्रात पुरचुंडी मात्र येई, आणि ती आणणारी तांड्यातली सोमली दरवेळी तेच सांगे, तुझी मुलगी सुखात आहे म्हणून निरोप आहे. भिवरा मनात म्हणे, बघा, मी कडक राहिले म्हणून संसार टिकला.

अशी काही वर्षं गेली.

एका चैत्रात सोमलीने आणून दिलेली पुरचुंडी भिवराने सोडली, तेव्हा तिच्या कपाळाला आठी पडली. फडका जाडाभरडा होता. बियांत काडीकचरा होता, आणि काळे, चकाकणारे, खसखशीहून थोडे मोठे असे कसलेसे दाणे मिसळलेले होते. गोजराचं बी नेहमी पाखडलेलं, निवडलेलं असे. भिवराला वाटलं, मोठ्या घरात राहून मुलीचा हात ढिला झाला. तिने बी तसंच उचलून ठेवलं आणि पावसाळा लागल्यावर देवळाच्या उजवीकडच्या वाफ्यात पेरलं. तो वाफा उत्सवाचा होता. देवीची पूजा तेरड्याने बांधायची तिथली रीत होती.

रोपं उगवली. तेरड्याची गोल, जाडसर पानं मातीतून वर आली. पण त्यांच्यामध्ये, आणि त्यांच्याहून दाट, दुसरंच काही उगवलं होतं. सुईसारखी बारीक दोन पानं, हिरवी, आणि देठाशी जराशी लाल.

भिवरा वाफ्यापाशी वाकली. नंतर गुडघे टेकून बसली. रोप उपटून उन्हात धरलं, मूळ पाहिलं, पान चुरगळून वास घेतला. तिला ते ओळखता आलं नाही.

असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदा होत होतं. तिने कुणाला सांगितलं नाही, पण गावात गोष्ट लपत नाही. शेजारीण म्हणाली, ही चिवळ आहे, भाजी कर. भिवरा म्हणाली, चिवळ जमिनीवर पसरते, हे उभं वाढतंय. वैद्यबुवांनी घोळ असेल म्हणून सांगितलं, पण घोळीचं पान रुंद असतं. कुणी शेपू म्हटलं, तर त्याला शेपूचा वास नव्हता. रोपं वाढत होती, त्यांची पानं मांसल होत चालली होती, हातात धरून दाबलं तर पाणी सुटे.

गावची पाटलीण उत्सवाची व्यवस्था पाही. ती एक दिवस वाफ्यावर आली आणि नाराज झाली. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. देवीच्या वाफ्यात नाव माहीत नसलेलं काही वाढू देऊ नये, उद्या ते विषारी निघालं तर काय करायचं, शिवाय त्याने तेरडा खुरटतोय. तिने बजावून सांगितलं की तण काढून टाका.

भिवराने काढलं. ओंजळी भरभरून उपटलं आणि उकिरड्यावर टाकलं. पण वाफ्याच्या कडेची थोडी रोपं तिने राहू दिली. त्यात माया नव्हती. जे आपल्याला ओळखता आलं नाही, ते काय आहे हे कळल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं, एवढंच.

श्रावणातल्या एका सकाळी देवळाची गाय दावं तोडून वाफ्यात शिरली. भिवरा काठी घेऊन धावली, आणि मधेच थांबली. गाय तेरड्याला तोंड लावत नव्हती. ती कडेच्या त्या रोपांपाशी गेली होती आणि मोठ्या चवीने ती चाटत, खात होती. हुसकावलं तरी मान वळवून परत तिथेच जात होती. मिठाचा खडा ठेवलेल्या दगडाला गुरं जशी चाटत राहतात, तशी.

गाय बांधून भिवरा परत आली. एक पान तोडून तिने जिभेवर ठेवलं. ते खारट होतं. तिला वाटलं आपल्या हाताचा घाम असेल. तिने पान पाण्याने धुतलं, दुसरं तोडलं, तेही धुतलं, आणि चावलं. खारटपणा वरचा नव्हता, आतला होता.



प्रथम तिने मनाची समजूत घातली. पुरचुंडी तांड्यातून येताना मिठाच्या गोण्यांत पडली असेल, मीठ लागलं असेल. पण गोणीतलं मीठ बीला लागलं म्हणून महिन्यानंतरच्या पानात येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला कळणार होतं? वर इतका पाऊस पडत होता. गोड्या पाण्यावर वाढूनही जे रोप अंगातला खार सोडत नाही, त्याची जातच खाऱ्या जमिनीतली. आणि नदीकाठच्या गाळाच्या शेतीत खारी जमीन नसते.

मग तिला तेरड्याचं बी कसं गोळा करतात ते आठवलं. आठवायचं काय, तिनेच गोजराला शिकवलं होतं. तेरड्याची बोंडं पिकली की बोट लागताच फुटतात आणि बी चहूकडे उडतं, म्हणून झाडाखाली फडका अंथरतात. फडक्यावर तेरड्याचं बी पडतं, आणि आजूबाजूला जे काही पिकलेलं असेल तेही पडतं.

म्हणजे गोजराने फडका जिथे अंथरला, तिथे तेरड्याच्या अंगाला अंग लावून हे खारट झाड वाढत होतं. म्हणजे गोजराचा तेरडा सासरच्या दारापुढे नव्हता. आणि तेरडा तिथे नव्हता, तर गोजराही तिथे नव्हती.

भिवराने एवढं ओळखलं.

पावसाळ्यात घाट बंद असे. ओढे फुगलेले, पायवाटा वाहून गेलेल्या. निरोप धाडायला माणूस नव्हता. तो सगळा पावसाळा भिवराने कसा काढला ते तिचं तिला माहीत. देवळात परडी पोचत होती, उत्सवही झाला, तेरड्याने पूजा बांधली गेली, बायकांनी वाखाणणी केली. भिवरा हसली नाही. ती रोज त्या थोड्या रोपांना भेटून येई. रोपं आता गुडघाभर वाढली होती, शेंडे लालसर झाले होते. पाटलिणीने पुन्हा विचारलं, हे अजून काढलं नाहीस? भिवरा म्हणाली की नाही, आणि काढणारही नाही. पाटलीण निघून गेली.

दिवाळीच्या सुमाराला वाट मोकळी झाली आणि तांडा मीठ आणायला रिकाम्या गोण्या घेऊन खाली निघाला. गावाबाहेरच्या माळावर त्यांचा तळ पडला. भिवरा त्या झाडाची एक फांदी पदराखाली घेऊन सोमलीकडे गेली.

सोमलीने तिला बसायला घोंगडी दिली आणि नेहमीसारखं म्हणाली, मुलगी सुखात आहे. भिवराने फांदी काढून तिच्यापुढे ठेवली.

सोमलीने फांदी पाहिली. तिचा चेहरा उतरला. ती उठून एका बैलाची दोरी उगाच नीट करून आली आणि परत बसली.

"तुझ्या मुलीने मला शपथ घातलीय, बाई," ती म्हणाली. "तिच्याबद्दल मी बोलणार नाही."

"तिच्याबद्दल नको बोलू," भिवरा म्हणाली. "या झाडाबद्दल सांग. हे कुठे उगवतं?"

सोमलीने फांदी उचलून हातात फिरवली. मग तिने झाडाबद्दल सांगितलं. याला खाली मोरस म्हणतात. भरतीचं पाणी जिथवर पोचतं तिथेच ते होतं. मिठागरांच्या बांधांवर सगळीकडे तेच. दुसरं काही तिथे उगवत नाही. मिठागरावर राबणारे लोक त्याची भाजी करून खातात, कारण त्यांना दुसरी भाजी मिळत नाही.

"आणि तिथे तेरडा उगवतो?"

"आपसूक नाही उगवत," सोमली म्हणाली. "कुणी लांबून पाटीपाटीने गोडी माती आणून बांधावर टाकली, आणि त्यात लावला, तर पावसाळ्यापुरता उगवतो."

याच्यापुढे विचारायचं काही राहिलं नव्हतं. भिवरा घरी आली, दाराला कडी घातली, आणि देवळात जाऊन पाटलिणीला सांगितलं की उद्यापासून फुलं पोचणार नाहीत. पाटलिणीने समजावलं. उत्सवातली एखादी चूक देवी पोटात घालेल, पण रोजची परडी चुकली तर मान दुसऱ्या घराला द्यावा लागेल, तशी रीतच आहे. भिवराने मान हलवली. रीत तिला माहीत होती. आजवर त्या रीतीसाठी तिने काय केलं होतं तेही आता तिला माहीत झालं होतं.

ती तांड्याबरोबर घाट उतरली.

वाटेत नदीकाठचं ते गाव लागलं. गोजराच्या सासरच्या दारात एक दुसरीच बाई मूल कडेवर घेऊन धान्य पाखडत होती. भिवराने तिला काही विचारलं नाही. दारापुढे तेरड्याचं एकही वाळलं खोड नव्हतं. ती पुढे चालत राहिली.

मिठागर म्हणजे सपाट, राखाडी चिखलाचे चौकोन, मधून बांध, आणि वर नुसतं आभाळ. सावलीला झाड नाही. पावसाळा संपून काम नुकतंच सुरू झालं होतं. माणसं पायाने चिखल तुडवून जमीन घट्ट करत होती. त्यांच्यातच गोजरा होती. भिवराने तिला चालीवरून ओळखलं, पण चालही आधीची राहिली नव्हती. खाऱ्या पाण्याने तळवे फुटले होते आणि ती टाचा टेकवत नव्हती.

गोजराने आईला पाहिलं. ती जवळ आली नाही आणि पळालीही नाही. हातातलं काम संपवलं, मग बांधावर चढली.

भिवरा म्हणाली, "घरी चल."

"मी एकदा आले होते," गोजरा म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर भिवराला सोपं गेलं असतं. गोजरा पुन्हा खाली उतरली आणि चिखल तुडवू लागली.

सोबतच्या बायकांकडून भिवराला बाकीचं कळलं. सवत आली, आणि तिला मूल झालं त्याच महिन्यात गोजराला घराबाहेर काढलं. माहेरची वाट तिला ठाऊक होती, पण ती वर न जाता खाली समुद्राकडे आली. इथे काम मागितलं. एका पडक्या झोपडीत राहिली. पहिल्या पावसाळ्याआधी तिने दूरच्या टेकडीवरून डोक्यावरून माती आणून बांधावर टाकली आणि त्यात बी लावलं. बायकांनी विचारलं, इथे फुलं कशाला? तर म्हणाली, आईला बी धाडायचं असतं, नाही गेलं तर तिला घोर लागेल.

भिवराने हे ऐकलं. ती रडली नाही. रडून मोकळं व्हायचा हक्क आपल्याला नाही असं तिला वाटलं. तिने लुगड्याचा काचा मारला, चिखलात उतरली, आणि मुलीच्या शेजारी उभी राहून जमीन तुडवू लागली.

मुकादमाने हटकलं, म्हातारे, तू कोण? ती म्हणाली, कामाला आलेय. गोजराने मान वर केली नाही.

थंडी गेली. चौकोनांत पाणी सोडलं गेलं, ऊन तापू लागलं, मीठ धरू लागलं. भिवरा मीठ ओढी, पाट्या वाही. फुलं खुडणारे तिचे हात चिरले, तळव्यांना भेगा पडल्या आणि त्यांत खार शिरला. तेव्हा तिला कळलं की गोजरा टाचा का टेकवत नाही. तिने मुलीजवळ घरी येण्याची गोष्ट पुन्हा काढली नाही. आपण चुकलो असंही तोंडाने म्हणाली नाही. झोपडीत दोघी पाठीला पाठ लावून झोपत. सकाळी जी आधी उठे ती दोघींची भाकरी थापी. भाजी मोरसचीच असे.

सुरुवातीला गोजरा फक्त कामापुरतं बोले. पाटी इकडे दे, बांध सुटतोय, असं. मग एक दिवस आईचा तोल जाऊन ती चिखलात पडली, तेव्हा गोजराने तिला उचलून बांधावर बसवलं आणि तिचे पाय आपल्या मांडीवर घेतले. भेगांत भरायला तिच्याकडे थोडं करंजाचं तेल होतं. ते लावता लावता तिने पहिल्यांदा विचारलं.

"तुला कसं कळलं?"

भिवराने सांगितलं. बियांतले काळे दाणे, सुईसारखी पानं, गाय, पान चावून पाहिलं ते. गोजरा ऐकत होती. त्या काळ्या दाण्यांची तिला कल्पनाच नव्हती. दिवसभर उन्हात मीठ ओढून तिचे डोळे चुरचुरत, संध्याकाळी नीट दिसत नसे. फडक्यावर जे पडलं ते तिने तसंच बांधलं होतं.

"मी ओंजळी भरून उपटलं ते," भिवरा म्हणाली. "थोडं राहिलं, ते पण तुझ्यासाठी नाही. मला नाव सांगता येईना म्हणून राहिलं. तू त्या दिवशी दारात आलीस, तेव्हा तर मी पाहिलंसुद्धा नाही. लोक काय पाहतात तेच पाहत होते."

गोजराने दुसरा पाय घेतला आणि त्यालाही तेल लावलं. पण त्या रात्री ती आईकडे तोंड करून झोपली.

चैत्रात मीठ उचललं गेलं. तांडा गोण्या भरून वर निघाला. सोमली निरोप घ्यायला आली तेव्हा गोजराने आपलं गाठोडं बांधून दाराशी ठेवलेलं होतं. भिवराने ते पाहिलं आणि न विचारता उचलून आपल्या डोक्यावर घेतलं.

गावात परत आल्यावर जे व्हायचं ते झालं. देवीच्या फुलांचा मान दुसऱ्या घराला गेला होता. देवळामागची बागही त्याच्याबरोबर गेली. काही बायकांनी भिवराच्या ओट्यावर येणं सोडलं. नांदत नाही ती मुलगी, असं लोक बोलले, अगदी तिच्या कानावर जाईल असं बोलले. भिवरा ऐके आणि आपल्या कामाला लागे. मायलेकींनी गावाबाहेर जमिनीचा एक तुकडा कसायला धरला. त्यात वांगी, मिरच्या लावल्या. गोजराचे पाय पुरते बरे झाले नाहीत. थंडी पडली की ती लंगडे. तिचं मनही एकदम मोकळं झालं नाही. काही दिवस ती आईशी हसून बोले, काही दिवस तिच्या सावलीलाही उभी राहत नसे. भिवराने त्याबद्दल कधी तोंड वाकडं केलं नाही.

पुढच्या वर्षीची गोष्ट. संध्याकाळची वेळ होती. पाटलीण एकटीच त्या मळ्यात आली. सोबत गडी नव्हता, डोक्यावरचा पदर घामाने भिजला होता. ती वाफ्याच्या कडेला मातीत बसली. आजवर असं कुणाच्या मातीत ती बसली नव्हती. म्हणाली, माझी मुलगी पलीकडच्या राज्यात दिलीय, तुम्हाला माहीत आहे. दरवर्षी निरोप येतो, सुखात आहे. मी कधी त्यावर विचार केला नाही. पण हल्ली झोप लागत नाही.

मग ती भिवराकडे न पाहता गोजराकडे पाहून म्हणाली, "तूच सांग. सुखात असलेली मुलगी आणि सुखात नसलेली मुलगी, दोघी तोच निरोप धाडतात का?"

"हो," गोजरा म्हणाली. "तोच धाडतात."

 गोजराने खुरपं बाजूला ठेवलं, हात धुतले, आणि आईला म्हणाली की मी यांच्याबरोबर जाते, तू मिरच्यांना पाणी दे.

दोघी गेल्या आणि पंधरवड्याने आल्या. पाटलिणीची मुलगी खरंच बरी होती. घर चांगलं होतं, माणसं चांगली होती, मांडीवर मूल होतं. पण आईला दारात पाहिल्यावर ती नुसता तिचा हात धरून बसली, आणि मग म्हणाली, इतक्या वर्षांत विचारायला तू पहिल्यांदा आलीस. पाटलिणीने हे गावात सगळ्यांना सांगितलं.  त्या सालापासून तांडा खाली निघाला की गावातली कुणी ना कुणी आई त्याच्याबरोबर निघू लागली. निरोपाची वाट पाहत बसून न राहता स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला.

म्हणून लहानांनी आणि थोरांनी एवढं ध्यानात ठेवावं: आपल्या माणसाचं जे दुःख त्याच्या तोंडून येऊ शकत नाही, ते जाऊन ओळखणं हे आपलं काम असतं.